बंद संगणकाची आठवण

दोन दिवसांची निरीक्षणे एकमेकांशी जुळेनाशी झाली, की विद्यार्थी आधी एकमेकांकडे संशयाने पाहतात आणि मग उपकरणांकडे. आमच्या प्रयोगशाळेत एकदा असेच झाले. प्रयोग साधा होता. ध्वनिवर्धकापासून दूर जावे तसतसा आवाजाचा आयाम कसा कमी होत जातो, हे मोजायचे होते. सिग्नल जनरेटरमधून १,००० हर्ट्झ वारंवारतेचा सूर एका लहान ध्वनिवर्धकाला द्यायचा, त्याच्यासमोर मोजपट्टीवर मायक्रोफोन सरकवायचा आणि मायक्रोफोनचा संकेत संगणकाच्या साउंड कार्डात नेऊन पडद्यावर आयामाचा आकडा वाचायचा. सोमवारी निम्मी वाचने झाली आणि संध्याकाळी वीज गेली. मंगळवारी उरलेली वाचने घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी खबरदारी म्हणून कालची तीन अंतरे पुन्हा तपासली.

३० सेंटीमीटर अंतरावर सोमवारी १२,७०० हा आकडा आला होता. मंगळवारी आला ४,०५०. ४० सेंटीमीटरला ९,५०० होता, तेथे आता ३,०००. ६० सेंटीमीटरला ६,३००च्या जागी १,९८०. जनरेटरचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर तपासले, ते कालचेच होते. मायक्रोफोन तोच, मोजपट्टी तीच, खोलीही तीच. मग एका विद्यार्थिनीने सोमवारच्या आकड्यांना मंगळवारच्या आकड्यांनी भागले. उत्तरे आली ३.१४, ३.१७ आणि ३.१८.

चूक अशी नियमाने वागू लागली, की ती पकडणे सोपे होते. ही तिन्ही उत्तरे १०च्या वर्गमुळाच्या, म्हणजे ३.१६च्या, अगदी जवळ आहेत. व्होल्टेजांचे गुणोत्तर डेसिबेलमध्ये सांगताना त्याच्या लॉगॅरिथमला २०ने गुणतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. ३.१६चा लॉगॅरिथम ०.५, म्हणजे हा फरक झाला बरोबर १० डेसिबेलचा. आणि साउंड कार्डात मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवण्यासाठी जो प्रवर्धक असतो, त्याच्या पायऱ्या आमच्या संगणकात १० डेसिबेलच्याच होत्या! सोमवारी सकाळी संकेत फार लहान दिसत होता, म्हणून मीच तो प्रवर्धक १० डेसिबेलवरून २०वर नेला होता. मंगळवारी तो पुन्हा १०वर होता, आणि त्याला तर कोणी हात लावला नव्हता.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वीज गेल्यामुळे संगणक ते सेटिंग निव्वळ विसरला असता, तर आमचे कोडे लगेच सुटले असते. परंतु तो शून्यावर आला नाही, तो १०वर आला. म्हणजे त्याला काहीतरी आठवत होते, मात्र ते सोमवारचे नव्हते. बंद पडलेल्या यंत्राला आठवण राहते ती कशी, आणि ती जुनी कशी निघते?

कोणाला काय आठवते?

साउंड कार्डातील प्रवर्धक किती पटीने संकेत वाढवणार, हे ठरवणारा आकडा त्या कार्डावरच्या चिपमध्ये एका रजिस्टरात असतो. हे रजिस्टर शाळेतल्या हजेरीच्या रजिस्टरासारखे कागदी नव्हे. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकमेकींना धरून ठेवतात, एक चालू तर दुसरी बंद, आणि अशा प्रत्येक जोडणीत ० किंवा १ हा एक बिट राहतो. तिला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. आजच्या बहुतेक संगणकांत असलेल्या ध्वनिचिपांमध्ये प्रवर्धनाच्या पायरीसाठी असे सात बिट आणि आवाज पूर्ण बंद करण्यासाठी आणखी एक बिट असतो. आठ बिटांचा हा संसार वीज आहे तोवरच चालतो. वीज गेली की दोन्ही बाजूंचे व्होल्टेज शून्यावर येते, आणि पुन्हा वीज आल्यावर चिप कारखान्यात ठरवून दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करते.

म्हणजे चिपला कालचे आठवत नाही. मग तिच्या ड्रायव्हरला तरी आठवते का? ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा असा भाग, ज्याला त्या विशिष्ट चिपची भाषा कळते. 'आवाज थोडा वाढव' ही आपली मागणी तो 'अमुक रजिस्टरात तमुक आकडा लिही' अशा आज्ञेत बदलतो. आपण काय लिहिले होते, त्याची एक नक्कलही तो स्वतःजवळ बाळगतो. लॅपटॉप झाकण मिटून झोपतो तेव्हा चिपची वीज तोडली जाते. उठल्यावर ड्रायव्हर त्या नकलेवरून रजिस्टरे पूर्ववत भरतो. पण ही नक्कल असते संगणकाच्या मुख्य स्मृतीत, आणि ती स्मृती तर रजिस्टरापेक्षाही विसराळू! तिच्यात प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रावरील विद्युतभाराच्या रूपाने असतो. आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. धारित्र इतके लहान, की त्यातला भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो, म्हणजे सेकंदाला १५-१६ वेळा. गळक्या माठात सतत पाणी ओतत राहण्यासारखाच हा उद्योग आहे. लॅपटॉप झोपेत असतानाही तो थांबत नाही, म्हणून झोपेतून उठलेल्या संगणकाला सारे आठवते. संगणक पूर्ण बंद केला की मात्र ओतणारा हातच थांबतो.

स्मृती नेहमीच अशी विसराळू होती असे नाही. १९५०-६०च्या दशकांतल्या संगणकांत फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती असे. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर ०, उलट दिशेने झाले तर १. चुंबकत्व टिकवायला वीज लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृतीही फेराइट कड्यांचीच होती. अर्धसंवाहक स्मृती आली ती स्वस्त, लहान आणि वेगवान. तिच्याबरोबर हे विसरणेही आले.

खटके, घड्याळ आणि बटण-सेल

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्यात स्मृती किती, पडदा कोणत्या प्रकारचा, हे संगणकाला सांगण्यासाठी मुख्य फळीवर चिमुकल्या खटक्यांची रांग होती. पेनाच्या टोकाने खटका वर किंवा खाली करायचा. आठवण ठेवण्याची ही सर्वांत भरवशाची पद्धत म्हणायला हवी, कारण वीज गेल्यावर खटका काही आपोआप हलत नाही. अडचण एवढीच, की बदल करायचा तर दर वेळी पेटी उघडावी लागे.

१९८४च्या पीसी-एटी या संगणकात आयबीएमने मोटोरोला कंपनीची एक घड्याळ-चिप बसवली. संगणक बंद असतानाही वेळ चालू राहावी म्हणून तिला बॅटरी जोडलेली होती. तिचा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो २चा १५वा घात आहे. १५ वेळा निम्मे करत गेले की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. या चिपमध्ये ६४ बाइट स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळाला लागत. उरलेल्या ५० बाइटांत डिस्क कोणत्या जातीची, स्मृती किती, अशी सेटिंगे ठेवता येऊ लागली. आजही बहुतेक संगणकांच्या मुख्य फळीवर रुपयाएवढा ३ व्होल्टचा एक सेल दिसतो, तो याच परंपरेतला. जुन्या संगणकाची तारीख एकाएकी कित्येक वर्षे मागे गेली, तर बहुधा हा सेल संपलेला असतो.

परंतु ५० बाइटांत संसार किती मावणार? संगणकाला साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, छापयंत्र, कॅमेरा जोडले जाऊ लागले, आणि प्रत्येकाची वीस-पंचवीस सेटिंगे. ती सारी राहायला गेली डिस्कवर, फाइलींमध्ये. एमएस-डॉस वापरणारे लोक सुरुवातीला चालणाऱ्या एका फाइलीत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत: साउंड कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट ५, वगैरे. पुढे विंडोजने अशा सगळ्या नोंदींसाठी 'रजिस्ट्री' हे सामायिक भांडार केले. लिनक्सने प्रत्येक कामासाठी वेगळी साधी फाइल ठेवण्याची रीत पत्करली. आमचा संगणक लिनक्सवर चालत होता, म्हणून पुढचा तपास तेथेच करू.

चिठ्ठी लिहिणारा आणि वाचणारा

लिनक्समधील ध्वनीचा कारभार 'अल्सा' नावाची व्यवस्था पाहते. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये तिचे काम सुरू केले. तिच्यातले ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात राहतात, पण सेटिंगे जपण्याचे काम मात्र ते करत नाहीत. हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. ज्याला आकडा माहीत आहे त्यानेच तो लिहून ठेवू नये? याला कारणे आहेत. ड्रायव्हर सुरू होतो त्या क्षणी डिस्क अजून वापरायला तयार नसण्याची शक्यता असते. शिवाय काय जपावे, कोठे जपावे, कोणाच्या आवडीचे जपावे, हे निर्णय यंत्राचे नसून माणसांचे आहेत. 'आकडा वाचता येईल, आकडा बदलता येईल' एवढी सोय गाभ्याने करायची आणि निर्णय बाहेरच्या प्रोग्रामांनी घ्यायचे, असा लिनक्सचा दंडक आहे. मला तो पटतो.

अल्सामध्ये हा बाहेरचा प्रोग्राम म्हणजे 'अल्सा-कंट्रोल'. त्याला दोन मुख्य कामे येतात, साठवणे आणि परत भरणे. संगणक रीतसर बंद करताना तो प्रत्येक साउंड कार्डाला विचारतो, 'तुझी सेटिंगे काय?' आणि उत्तरे 'असाउंड-स्टेट' नावाच्या फाइलीत लिहितो. पुन्हा सुरू होताना ड्रायव्हरला कार्ड सापडले, की गाभा 'अमुक उपकरण आले' अशी वर्दी देतो. ती वर्दी ऐकणारा एक पहारेकरी प्रोग्राम असतो. तो अल्सा-कंट्रोलला हाक मारतो, आणि मग फाइलीतले आकडे त्या कार्डाच्या रजिस्टरांत भरले जातात. क्रम येथे महत्त्वाचा आहे. कार्ड सापडण्याआधीच चिठ्ठी वाचली, तर वाचलेले ऐकणार कोण? यूएसबीचे साउंड कार्ड तर संगणक सुरू झाल्यावर तासाभरानेही कोणी खोचू शकतो. म्हणून घड्याळाकडे न पाहता वर्दीची वाट पाहावी लागते.

दुसरी एक गंमत नावाची. संगणकात दोन साउंड कार्डे असतील तर त्यांना ० आणि १ असे क्रमांक मिळतात. पण जे आधी सापडेल त्याला ०, आणि आज जे आधी सापडले ते उद्याही आधी सापडेल याची खात्री नसते. चिठ्ठीत 'पहिल्या बाकावरच्या मुलाचे गुण ७२' असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी मुले जागा बदलून बसली, तर गुण भलत्याच्याच नावावर पडतील. म्हणून फाइलीत कार्डाच्या क्रमांकावर विसंबत नाहीत, त्याला दिलेले नाव लिहितात, आणि प्रत्येक सेटिंगही तिच्या नावानिशी असते.

ही फाइल साध्या अक्षरांत असल्याने आम्हाला ती उघडून वाचता आली. 'माइक बूस्ट' या नावापुढे किंमत १ होती. शेजारी टिपणात तिचा टप्पा ० ते ३, आणि डेसिबेलच्या शतांश भागांत १,००० हा आकडा. म्हणजेच १० डेसिबेल. मी सोमवारी सकाळी ही किंमत २ केली होती. मग फाइल शेवटची केव्हा लिहिली गेली ते पाहिले. ती होती शनिवार दुपारची!

आता सारे उलगडले. शनिवारी संगणक रीतसर बंद केला, तेव्हा चिठ्ठी लिहिली गेली: १० डेसिबेल. सोमवारी मी २० केले. तो आकडा चिपच्या रजिस्टरात आणि ड्रायव्हरच्या नकलेत गेला, फाइलीत नाही. संध्याकाळी वीज गेली आणि दोन्ही पुसले गेले. रीतसर बंद होण्याची वेळच आली नाही, म्हणून नवी चिठ्ठीही लिहिली गेली नाही. मंगळवारी संगणकाने इमानेइतबारे शनिवारची चिठ्ठी वाचली.

मग दर बदलाला लिहावे की नाही?

तुम्ही म्हणाल, सेटिंग बदलले की त्याच क्षणी लिहून टाकावे. वीज केव्हाही जावो. तसे करता येते, पण त्यातही अडचणी आहेत. आवाजाची पट्टी बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ओढली, की किंमत क्षणात पन्नास-साठ वेळा बदलते. प्रत्येक वेळी लिहीत बसणे परवडत नाही, विशेषतः फ्लॅश स्मृतीवर. फ्लॅशमध्ये बिट साठवायचा म्हणजे विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉन ढकलून त्यांना एका बंदिस्त बेटावर कोंडायचे. वीज नसली तरी ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात, हा मोठा फायदा. पण दर वेळी ढकलाढकलीत तो थर थोडा थोडा झिजतो, आणि ठरावीक वेळा पुसून लिहिल्यावर निकामी होतो. म्हणून शहाणे प्रोग्राम बदल थांबण्याची काही सेकंद वाट पाहतात आणि शेवटची किंमत तेवढी लिहितात. घरच्या संगणकांवर आज 'पल्स-ऑडिओ' किंवा 'पाइपवायर' हा आणखी एक ध्वनिव्यवस्थापक अल्साच्या वर बसलेला असतो. तो स्वतःची वेगळी चिठ्ठी ठेवतो. आमच्या जुन्या संगणकावर तो नव्हता.

लिहिता लिहिताच वीज गेली तर? अर्धी चिठ्ठी कधी कधी जुन्या चिठ्ठीपेक्षाही घातक. म्हणून काळजीपूर्वक रचलेला प्रोग्राम जुन्या फाइलीवर थेट लिहीत नाही. तो वेगळ्या नावाची फाइल पूर्ण लिहितो, आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव देतो. नाव बदलण्याची क्रिया एक तर पूर्ण होते, नाही तर होतच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी चिठ्ठी मिळते किंवा नवी. अर्धवट मात्र मिळत नाही.

जपलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी परत आणावी, असेही नाही. समजा, रात्री कोणी लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड पार शून्यावर नेला आणि संगणक बंद केला. सकाळी तो शून्य इमानाने परत भरला, तर पडदा काळाच राहील, आणि उजेड वाढवण्याची पट्टीही दिसणार नाही! हे ओळखून, लिनक्समध्ये उजेडाची किंमत जपणारा सिस्टम-डीचा भाग ती परत भरताना कमाल उजेडाच्या ५ टक्क्यांखाली सहसा जाऊ देत नाही. विंडोज एनटीतही असाच एक विचार होता. ड्रायव्हरांच्या सेटिंगांचा, ज्याने संगणक मागच्या वेळी नीट सुरू झाला होता तो संच वेगळा राखून ठेवत, म्हणजे नव्या सेटिंगाने घात केला तर मागे फिरता येई. आणि मुळीच चिठ्ठी नसेल तर? अल्साचे ड्रायव्हर पूर्वीपासून आवाजाचे मार्ग बंद ठेवूनच सुरू होत आले आहेत. नवख्या माणसाला वाटे, कार्ड बिघडले. पण कर्ण्यातून एकदम पूर्ण जोराने किंकाळी फुटण्यापेक्षा ही शांतता बरी, असा त्यामागचा हिशेब.

तुमच्याकडे लॅपटॉप असेल तर पडद्याच्या उजेडाचा प्रयोग करून पाहा. उजेड एका ओळखू येईल अशा पायरीवर आणा, संगणक रीतसर बंद करून सुरू करा, आणि पायरी टिकली का ते वहीत लिहा. झाकण मिटून झोपवल्यानंतरही तीच तपासणी करा. दोन्ही वेळा उत्तर एकच आले, तरी आठवण ठेवणारा दोन्ही वेळा वेगळा होता हे आता तुम्हाला सांगता येईल. मात्र वीज तोडून संगणक बंद पाडण्याचा प्रयोग करू नका. उघड्या असलेल्या इतर फाइली त्यात बिघडू शकतात.

आमच्या प्रयोगाचे पुढे काय झाले, ते राहिलेच. विद्यार्थ्यांनी विचारले, मंगळवारच्या वाचनांना ३.१६ने गुणले तर चालेल ना? हिशेबाने चालायला हवे. पण कार्डावर १० डेसिबेल लिहिलेली पायरी खरोखर १० डेसिबेलचीच आहे, हे तोवर आम्ही मोजलेले नव्हते. म्हणून मायक्रोफोन ४० सेंटीमीटरवर ठेवून पायरी १ आणि पायरी २, अशी दोन्ही वाचने लागोपाठ घेतली. गुणोत्तर ३.१५ आले. मग गुणाकार करून तक्ता पुरा केला, आणि वहीत अंतराच्या शेजारी माइक बूस्टसाठी एक नवा रकाना आखला. अल्सा-कंट्रोलला 'साठव' ही आज्ञा हाताने केव्हाही देता येते. तेव्हापासून पायरी बदलणाऱ्याने ती लगेच द्यायची, असा एक कागद त्या संगणकाला चिकटवलेला आहे.